वाचकांचे प्रश्न : सोंघाई एका लढाईत बुडाले का?

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील सोंघाई साम्राज्य १५९१मध्ये मोरोक्कोच्या बंदुकांपुढे एकाच लढाईत कोसळले, असे वाचनात आले. सहारा ओलांडून आलेल्या लहानशा फौजेला हे कसे साधले? टिंबक्टूच्या विद्वानांचे पुढे काय झाले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लढाई बंदुकांनी जिंकली, हे खरे. राजधानी गाओच्या उत्तरेस, नायजर नदीकाठच्या तोंदिबी येथे मार्च १५९१मध्ये दोन्ही सैन्यांची गाठ पडली. मोरोक्कोचा सेनापती जुदर पाशा याच्याबरोबर राजधानी माराकेशहून निघालेले सैन्य सुमारे ४,००० होते. उलट टिंबक्टूचा बखरकार अस-सादी सोंघाईच्या बाजूस १२,५०० घोडेस्वार आणि ३०,००० पायदळ असल्याचे सांगतो. शत्रूची फळी मोडण्यासाठी पुढे हाकलेली गुरे बंदुकीच्या बारांच्या आवाजाने बिथरून उलटी फिरली. पळापळ सुरू झाल्यावरही काही मानकरी आपल्या ढाली जमिनीवर टाकून त्यांवर बसून राहिले, तिथेच मारले गेले आणि त्यांच्या हातांतील सोन्याची कडी विजेत्यांनी उतरवून घेतली, अशी नोंद सादीनेच केली आहे.

तथापि, ही फौज येण्यापूर्वीच राज्य आतून पोखरले होते, असे माझे मत आहे. आस्किया, म्हणजे सोंघाईचा राजा, याच्यामागून गादीवर कोणी बसावे याचा पक्का नियम नव्हता. १५८२मध्ये आस्किया दाऊद वारल्यावर अवघ्या सहा वर्षांत त्याचे तीन मुलगे एकामागून एक गादीवर आले. १५८८मध्ये त्याचाच आणखी एक मुलगा, सादिक, पश्चिमेकडील प्रांतांचे सैन्य घेऊन गाओवर चालून गेला. तेव्हा गादीवर असलेल्या आस्किया इसहाकने, म्हणजे पुढे तोंदिबीला हरलेल्या इसहाक दुसऱ्यानेच, त्याचा पराभव केला खरा, पण राज्याच्या पश्चिमेकडील लष्करी बळ त्यात खर्ची पडले.

मोरोक्कोचा सुलतान अल-मन्सूर याचा हिशेबही चुकलाच. त्याला सहारातील तघाझाच्या मिठाच्या खाणी आणि सोने हवे होते. परंतु सोन्याच्या खाणी सोंघाईत नव्हत्याच, त्या दक्षिणेकडील प्रदेशांत होत्या, आणि गाओची श्रीमंती होती ती वाटेवरच्या व्यापाराची. गाओ पाहून जुदरने माराकेशला कळवले, की माराकेशमधल्या गाढववाल्यांच्या नाईकाचे घर आस्कियाच्या वाड्याहून बरे आहे. इसहाकने १,००,००० मिस्काल (सोने तोलण्याचे वजन) सोने आणि १,००० गुलाम देऊ करून तह मागितला, तो स्वीकारावा असे जुदरचे म्हणणे पडले. सुलतानाने त्यालाच बाजूला सारून महमूद पाशाला पाठवले. दरम्यान सोंघाईचे उरलेले लोक दक्षिणेस डेंडी प्रदेशात सरकले आणि तिथून वर्षानुवर्षे लढत राहिले. तेव्हा साम्राज्य बुडाले हे खरे, पण एका दिवसात नव्हे. टिंबक्टूतील मोरोक्कन शिबंदी लवकरच माराकेशचे ऐकेनाशी झाली. तिच्या वंशजांना ‘आर्मा’ म्हणतात.

विद्वानांविषयी थोडक्यात. विरोधाच्या संशयावरून महमूदने अनेकांना पकडले आणि १५९४मध्ये साखळदंड घालून माराकेशला नेले. त्यांत अहमद बाबा हे मोठे फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, होते. मन्सूरच्या मृत्यूनंतरच त्यांना टिंबक्टूला परतता आले. आपली १,६०० पुस्तके लुटली गेल्याची तक्रार त्यांनी खुद्द सुलतानाकडे केली होती, आणि तीही अशी, की आपल्या घराण्यात सर्वांत लहान ग्रंथसंग्रह आपलाच होता.