स्वतःची गाणी लिहून गाते. पहिलं सोलो रेकॉर्डिंग घरी करू की स्टुडिओत? संगीत संयोजक घ्यावाच लागतो का?

कुठेही करा, पण गाण्याची पट्टी दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका.

बँड सोडल्यावर तेविसाव्या वर्षी मी पहिली चार गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं एक काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, बांधलं होतं. त्याची शेवटची ओळ मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरते, आणि तिथे माझा आवाज गाण्यातून निघून बोलण्याकडे झुकतो. सगळं गाणं त्या ओळीसाठीच लिहिलं होतं. संयोजक म्हणाले, "आवाज उठत नाहीये, पट्टी वर नेऊ, काळी पाच घेऊ." वयाने मोठे, अनुभवी माणूस. मी मान हलवली. मग हेडफोनमधून कानात क्लिक आला, लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक. ध्रुवपदावर येण्याआधी मी नेहमी एका श्वासापुरती थांबायचे, ती जागाच गेली. पुढे ओळ न् ओळ पंच करून, म्हणजे तुकड्यातुकड्यात पुन्हा गाऊन, जोडली. शेवटी सूर चोख लागला, काचेपलीकडे सगळे खूश. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर शेवटची ओळ कुणीतरी सुखात असलेली मुलगी गात होती.

त्याच गाण्याचं फोनवरचं डमी, म्हणजे आधी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग, माझ्याकडे अजून आहे. मागे पंखा फिरतोय, दुसऱ्या अंतऱ्यात एक शब्द चुकलाय. ज्यांना दोन्ही ऐकवली, त्यातल्या बहुतेकांनी पुन्हा लावायला सांगितलं ते डमीच.

अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 साली चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घरी काही गाणी भरली होती, ती केवळ डमी म्हणून. बँडला घेऊन ती पुन्हा करून पाहिली, पण मनासारखी होईनात. शेवटी 'नेब्रास्का' या नावाच्या अल्बममध्ये कॅसेटवरचंच बाहेर आलं. हे मला तेव्हा माहीत असतं, तर निदान तोंड उघडलं असतं.

आता तुमचा प्रश्न. एक गिटार आणि आवाज असेल तर घर पुरतं. जाड पडदे, गाद्या असलेली खोली निवडा, कारण कंडेन्सर माइक (रेकॉर्डिंगसाठी वापरतात तो संवेदनशील माइक) तुमच्याइतकीच खोलीही ऐकतो. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये 24 बिट निवडा, आवाजाची पातळी लाल दिव्यापासून बरीच खाली ठेवा. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज तोलून एकत्र करणं, मात्र दुसऱ्या कानांकडे द्या. ड्रम्स असतील तर सरळ स्टुडिओत जा.

संयोजक लागतोच असं नाही. घेतलात, तर त्यांच्या हाती तुमच्या पट्टीतलं, तुमच्या लयीतलं डमी ठेवा आणि त्यानंतरच बोलायला बसा. मास्टर, म्हणजे अंतिम मूळ रेकॉर्डिंग, कुणाच्या मालकीचं आणि चालीचं श्रेय कुणाला, हे पहिल्या टेकच्या आधी कागदावर आणा. आवाजाचे आणि प्रत्येक वाद्याचे सगळे वेगवेगळे ट्रॅक मागून घ्या. मी मागितले नाहीत, म्हणून आज ते गाणं मला नव्याने मिक्ससुद्धा करता येत नाही. फक्त तयार फाइल आहे, काळी पाचमधली.

क्लिक वाईटच असतो असं मी म्हणत नाही. वाद्यांचे थर चढवायचे असतील तर तो हवाच. आणि पट्टी गळ्याला खरोखरच खाली असेल, तर मंद्रातला सूर विरून जातो, संयोजकांची ती भीती अगदीच निराधार नव्हती. पण माझ्या गाण्यात तो विरत नव्हता. पंख्याच्या आवाजातूनही स्वच्छ ऐकू येतो.