जांभळी लिपस्टिक आणि मिसळ

प्रश्न : ताई, बहिणीच्या हळदीला गडद जांभळी लिक्विड मॅट लिपस्टिक लावली, मस्त दिसत होती, पण मिसळ खाल्ली आणि मधला रंग गायब, नुसती कडेची रेघ उरली! परत लावली तर गोळे गोळे झाले. पैसे पाण्यात गेले का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं नाही गं, दोष मिसळीच्या तर्रीचा! या लिपस्टिकमध्ये बहुतेकदा आयसोडोडेकेन नावाचं पटकन उडून जाणारं द्रव्य असतं, ते उडालं की ओठावर रंगाचा पातळ पापुद्रा राहतो, तो पाण्याला, चहाला दाद देत नाही पण तेल लागलं की विरघळतो. म्हणून तर रात्री खोबरेल चोळलं की सगळी निघते.

वाळलेल्यावर दुसरा थर दिलास ना, तिथेच गोळे झाले. आधी मधलं सगळं पुसायचं, मग पातळसा हात. आणि जांभळा, निळा असले रंग जरा हट्टीच, न्यूडमध्ये, म्हणजे त्वचेशी मिळत्याजुळत्या रंगात, खपून जातं ते यात लांबून दिसतं, ओठांची सालं निघाली असतील तर रंग नेमका तिथेच साचतो. लिपबाम लावायचा तर अर्धा तास आधी, आणि लिपस्टिकच्या वेळी टिश्यूने टिपून घे. हळदीला मिसळ मात्र सोडू नकोस हं, ट्यूब पर्समध्ये ठेव!