पहाटे कॉम्प्रेसर ढप्प ढप्प करतो, अलार्म बंद करू का?

प्रश्न: काका नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसीत युटिलिटीला आहे. आमचा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर, ३ स्टेजचा, ७ बारवर चालतो. एप्रिलपासून पहाटे ३-४ च्या सुमारास ढप्प ढप्प आवाज येतो, पाइप हलतो, अ‍ॅम्पिअर खालीवर होतात आणि मशीन अनलोड होतं, म्हणजे लाइनला हवा देणं थांबवतं. ब्लो-ऑफमधून (जास्तीची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) हवा फुकट जाते म्हणून फेब्रुवारीत साहेबांनी मिनिमम अ‍ॅम्पिअरचं सेटिंग (मोटरचा करंट ज्याच्या खाली जाऊ लागला की ब्लो-ऑफ उघडतो) खाली आणलं होतं. आता म्हणतात सर्जचा अलार्मच बंद कर. करू का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर: अरे अजिबात नको! तू लिहिलंयस तो सर्जच आहे. हवेची मागणी कमी झाली की मशीनमधून जाणारी हवा कमी होते, एका मर्यादेच्या खाली गेली की इंपेलरला (हवा ढकलणारं फिरतं चाक) पुढचं प्रेशर पेलत नाही आणि डिस्चार्जची हवा उलटी मशीनमध्ये घुसते, मग पुढचं प्रेशर पडलं की परत सुलटी वाहते, परत उलटी, हे सगळं सेकंद-दोन सेकंदात एकदा. तो ढप्प आवाज बऱ्याचदा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटल्याचा असतो. आणि प्रत्येक झटक्याला रोटर पुढेमागे ढकलला जातो, तो मार थ्रस्ट बेअरिंग (रोटरला पुढेमागे सरकू न देणारं) खातं.

आता पहाटेच का, तर थर्ड शिफ्टला निम्मी मशिनं बंद, हवा घेणार कोण? आणि फेब्रुवारीत सेटिंग खाली आणलं तेव्हा काही झालं नाही कारण पहाटेची हवा गार होती. बडोद्याचा उन्हाळा तुला काय सांगायचा, गरम हवेला त्याच ७ बारपर्यंत न्यायला इंपेलरला जास्त हेड, म्हणजे जास्त जोर, द्यावा लागतो म्हणजे सर्ज तेवढा जवळ येतो. कूलिंग वॉटर गरम, इंटरकूलरच्या (दोन स्टेजमध्ये हवा गार करणारा) ट्यूबला खार धरलेला असेल तर पुढच्या स्टेजलाही गरमच हवा मिळते. थंडीत जे सेटिंग काठावर चाललं ते एप्रिलमध्ये काठापलीकडे गेलं, एवढंच झालंय.

म्हणून आधी मिनिमम अ‍ॅम्पिअर जुन्या जागी ने, आजच, साहेबांना हे पान दाखवून. मग इनलेट फिल्टरचा डीपी (आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक) बघ, इंटरकूलरनंतरचं तापमान मागच्या वर्षीच्या लॉगबुकशी लावून बघ. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह मशीन बंद असताना स्ट्रोक करून (पूर्ण उघडून-मिटून) घे, तो एक-दोन सेकंदात पूर्ण उघडलाच पाहिजे, आणि इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह हलवणारी हवा) गेली तरी उघडाच राहिला पाहिजे. अ‍ॅक्च्युएटरच्या लाइनमध्ये पाणी साचून तो आळशी झालेला मी कितीदा पाहिलाय.

स्काडाचा (कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर) ट्रेंड बघून "काही दिसत नाही" म्हणू नकोस. एका मिनिटाच्या सरासरीत सर्ज दिसणारच नाही, सेकंदाला दहाएक रीडिंग घेणारा ट्रेंड लाव. डिस्चार्ज प्रेशर आणि अ‍ॅम्पिअर दोन्ही एकदम पडले की सर्ज, कंट्रोलरसुद्धा हेच बघून व्हॉल्व्ह उघडतो. नंतर कंपनीचा इंजिनियर बोलावून खरा सर्ज पॉइंट काढून घ्या, उन्हाळ्यातच, आणि कंट्रोल लाइन (ब्लो-ऑफ जिथे उघडायला लागतो ती मर्यादा) त्याच्या साधारण १० टक्के अलीकडे ठेवा. हा प्रयोग एकट्याने करू नकोस.

मी नोकरीत असताना एका प्लांटमध्ये आम्ही असाच अलार्म दाबून ठेवला होता. तीन आठवड्यांनी मशीन उघडलं तेव्हा थ्रस्ट पॅडवरचं व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातूचा थर) पुसलं गेलेलं, लॅबिरिंथच्या (हवेची गळती अडवणारं सील) कडा बोटाने चाचपल्या तर गुळगुळीत लागल्या, धार राहिलीच नव्हती. तो रोटर मी आजही विसरलो नाही.

हवा वाया जाते हे साहेबांचं म्हणणं खरं आहे, त्यावर उपाय वेगळा आहे. तुमच्याकडे स्क्रू कॉम्प्रेसर असेल आणि रात्रीची हवा त्याला झेपत असेल तर रात्री तो चालवा आणि सेंट्रिफ्यूगल बंद ठेवा, स्क्रूला सर्ज होत नाही. पुढच्या पत्रात फिल्टरचा डीपी आणि इंटरकूलरनंतरचं तापमान लिहून पाठव, पहाटेचं आणि दुपारचं वेगवेगळं.