कॉलेज सोडायचंय, का कॉलेजमधे एकटी पडलीयेस?

आलेलं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, मी बुऱ्हाणपूरची. घरी मराठी, शाळा बारावीपर्यंत हिंदी मीडियम. आता इंदूरला मेकॅनिकल फर्स्ट इयरला आहे, भंवरकुआंजवळ पीजीत राहते. मिड-सेमला मॅथ्समधे 20 पैकी 6 आले. वर्गात सगळे इंग्लिश बोलतात. ॲडमिशनची लिस्ट कुणीतरी ग्रुपवर टाकली, त्यात माझ्या नावापुढे कॅटेगरी होती, तेव्हापासून मी वर्गात हात वर करत नाही. झोप नीट लागत नाही. वर्कशॉप तेवढं आवडतं, फिटिंगचा जॉब (म्हणजे वर्कशॉपमधे हातानं बनवायचा तुकडा) पहिल्याच चेकिंगला पास झाला, लहानपणापासून बाबांबरोबर पावरलूम खोलायची सवय आहे म्हणून असेल. आई म्हणते परत ये, बीए-बीएड कर, मुलींना टीचिंग बरं. मलाही वाटतंय इंजिनिअरिंग माझं कामच नाही."

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वर्कशॉपच्या ओळीवरच थांबले, कारण सगळ्या पत्रात तेवढीच एक ओळ मशीनबद्दल आहे, बाकी सगळं माणसांबद्दल, भाषेबद्दल आणि एका परीक्षेबद्दल आहे. आणि निकाल मात्र तू इंजिनिअरिंगवर लावून मोकळी झालीस.

बेकर आणि सिरिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात कॉलेजच्या नवीन मुलांसाठी 67 प्रश्नांची एक चाचणी केली, ॲडजस्टमेंट मोजायला. त्यात त्यांनी चार गोष्टी वेगवेगळ्या धरल्यात, अभ्यासाशी जुळणं, माणसांशी जुळणं, मनाची-शरीराची तब्येत आणि त्या कॉलेजबद्दल वाटणारी आपुलकी. आपल्याला काय होतं की यातलं एक बिघडलं की चारही बिघडलंय असंच वाटायला लागतं. तुझं बघ, अभ्यासात एक विषय अडलाय, एक विषय छान चाललाय. जेवायला सोबत कुणी नाही हे तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय, मी धारहून इंदूरला शिकायला आले तेव्हा पहिले तीन महिने डबा खोलीवर एकटीनं खाल्लाय म्हणून. हे माणसांचं दुखणं आहे, आणि त्यावर ब्रांच सोडणं हा इलाज नाही, बीएडलाही पहिल्या दिवशी वर्ग अनोळखीच असणार.

आता त्या लिस्टबद्दल. याला छोटी गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधे सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले होते, 2006 मधे तो पेपर आला. जात कुणालाच सांगितली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण सगळ्यांसमोर नाव-जात मोठ्यानं वाचून दाखवली आणि दलित मुलांचं काम घसरलं. मुलं तीच, डोकं तेच! म्हणजे तुझा हात जो खाली राहतोय ना, तो तुझ्या हुशारीनं खाली ठेवलेला नाही, त्या लिस्टनं ठेवलाय. तुझ्या मेंटॉर मॅडम-सरांना जाऊन सरळ सांग की ती लिस्ट ग्रुपवरून काढायला लावा, कॉलेजात इक्वल अपॉर्च्युनिटी सेल, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा विभाग, असेल तर तिथे लिहून दे, एकटीनं जायची भीती वाटत असेल तर वर्कशॉपच्या बॅचमधल्या कुणाला तरी घेऊन जा.

"मी इथली नाही" हे वाटणं तुझ्या एकटीचं नाहीये. वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मधे छापलेल्या एका प्रयोगात फर्स्ट इयरच्या मुलांना फक्त तासभर सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले, की सुरवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग हळूहळू कमी झालं, आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. पुढच्या तीन वर्षांत तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचे मार्क वाढले, गोऱ्या मुलांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. नंतर 22 कॉलेजांतल्या 26,911 मुलांवर हेच ऑनलाइन करून पाहिलं, 2023 मधे ते आलं, आणि त्यात एक फार महत्त्वाचं दिसलं, जिथे कॉलेज खरोखर मुलांना सामावून घेतं तिथेच याचा उपयोग होतो. म्हणून मी तुला "पॉझिटिव्ह विचार कर" असं सांगणार नाही, अर्धं काम कॉलेजचं आहे. तुझ्या वाट्याचं काम एवढंच, हिंदी मीडियमची एखादी थर्ड इयरची मुलगी शोध, प्रत्येक कॉलेजात असते, आणि तिला विचार की पहिलं सेमिस्टर तुझं कसं गेलं होतं.

मॅथ्सचं मला जास्त भाषेचं वाटतंय. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षण बघणारी सरकारी संस्था, तिच्या ई-कुंभ पोर्टलवर फर्स्ट इयरची पुस्तकं हिंदीत आणि मराठीत फुकट मिळतात. धडा आधी हिंदीत वाच, मग तोच इंग्लिशमधे, पेपर इंग्लिशमधे द्यायचाय म्हणून कन्सेप्टही इंग्लिशमधेच समजला पाहिजे असं कुठे आहे.

आणि आई. तिच्यावर रागावू नकोस, ती घाबरलीये. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मधे मांडलं होतं की साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयातच मुलं "हे मुलींचं, हे मुलांचं" अशी कामं वेगळी काढून टाकतात, आणि पुढे तडजोड करायची वेळ आली की माणूस आधी आवड सोडतो, मग कामाला मिळणारा मान, आणि बाईचं-पुरुषाचं ही चौकट अगदी शेवटी. तुझ्या घरी नेमकं हेच चाललंय, सगळ्यात आधी तुझी आवड सोडायचं बोलणं निघालंय. टीचिंग उत्तम काम आहे गं, पण तुझ्या पत्रात शिकवायची हौस कुठेही दिसली नाही, लूम खोलायची दिसली. शिकवायचंच असेल तर मेकॅनिकल करूनही पॉलिटेक्निकला शिकवता येतं.

झोपेचं मात्र लांबवू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त झालं असेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, फुकट आहे, हिंदी-मराठीत बोलता येतं, घाबरण्यासारखं काही नाही.

ब्रांचचा निर्णय दुसरं सेमिस्टर संपेपर्यंत घ्यायचा नाही, एवढं माझं ऐक. बाबांना आज फोन कर, कॉलेज सोडू का असं विचारू नकोस, फिटिंगचा जॉब पास झाला ते सांग, ते तू त्यांना अजून सांगितलं नसशील असं मला वाटतंय. आणि दुसरी मिड-सेम झाली की मला परत लिही, मार्क कितीही असोत.