परसबागेचं टपाल : चैत्र तोंडावर आला

या खेपेच्या निम्म्या पत्रांत एकच विचारणा आहे: 'वसंत आला, आता मटार, फ्लॉवर, लेट्यूस पेरू ना?' मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओंचा हा प्रताप. बर्फ वितळल्यावर ज्यांची बाग सुरू होते त्यांनी ते खुशाल पेरावं. आपल्याकडे मटार-फ्लॉवरचा कारभार होळीबरोबर आटोपतो. फाल्गुन-चैत्रात आपण हिवाळी पसारा आवरायचा, वेलांना मांडव घालायचे, उन्हाळ्याच्या पाण्याची बेगमी करायची. मेथी-कोथिंबीर पेरलीत तरी ती चार पानांवर फुलोऱ्यावर येईल. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी टाका, नाव काढतील.

*प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो आहेत. जानेवारीत भरभरून लागले. आता झाड हिरवंगार आहे, फुलंही येतात, पण देठासकट गळून पडतात. दुकानातून आणलेलं टॉनिक फवारलं, फरक नाही. (एक गृहिणी, सोलापूर)*

ताई, टॉनिकची बाटली बाजूला ठेवा. सोलापुरात मार्चमध्येच पारा 35 अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात टोमॅटोचे परागकण निकामी होतात, मग फूल धरणार कशाच्या जोरावर? त्यात तुमची गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडत राहतो, आणि टोमॅटोला फळ धरायला रात्र गार लागते.

झाडं ठेवायचीच असतील तर पश्चिमेच्या बाजूने 50 टक्क्यांची शेडनेट बांधा, कुंड्या विटांवर उचलून घ्या आणि सकाळी आठच्या आत फुलांच्या घोसांना हलकी टिचकी मारा. थोडीफार फळं धरतील. मी मात्र या दिवसांत टोमॅटो सरळ उपटते. दोन-चार फळांसाठी मे महिन्यापर्यंत रोज बादलीभर पाणी कोण घालणार? उपटण्याआधी हिरवे टोमॅटो काढून घ्या, तीळ आणि दाण्याचं कूट घालून चटणी उत्तम होते. त्या कुंडीत लगोलग वांगी-मिरची लावू नका. ती टोमॅटोच्याच कुळातली, त्याचे रोग त्यांनाही लागतात. शेणखत मिसळून गवार किंवा चवळी टोचा. गवारीला सोलापूरचं ऊन मानवतं.

*प्रश्न : अंगणात एकाच मांडवावर दुधी आणि दोडका चढवलाय. बोटाएवढा दुधी धरतो, पिवळा पडतो, गळतो. घरचे म्हणतात नजर लागली. मी रोज सकाळी वेल बघतो, फुलं मिटलेलीच असतात. (एक शिक्षक, सिन्नर)*

गुरुजी, नजरेचं काही नाही, आणि उत्तर तुमच्या पत्रातच आहे. सकाळी फुलं मिटलेली दिसतात, कारण ती आदल्या संध्याकाळीच उमलून गेलेली असतात. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळची, त्यांच्यावर मधमाश्या येतात. दोडक्याचं पिवळं फूल दिवस कलल्यावर उमलतं आणि दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला. ते रात्रीच्या पतंगांच्या भरवशावर असतं. पतंग फिरकले नाहीत की सगळं कोरडंच.

तुम्ही ज्याला 'धरलेला दुधी' म्हणता तो अजून धरलेला नाही. मादी फुलाच्या मागे इवलासा लवदार दुधी कळीपासूनच असतो. पराग मिळाला तर तो वाढतो, नाहीतर वेल त्याला सोडून देतो. नर फुलामागे तसलं काही नसतं, नुसता लांब, सडपातळ देठ.

आता काम असं. संध्याकाळी साडेसहा-सातला मांडवाखाली जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा आणि पाकळ्या खुडून टाका. मधला दांडा उघडा पडेल. त्याला बोट लावून बघा, पिवळसर पीठ लागलं तर तो कामाचा. मादी फुलाच्या मधोमध जाड, ओलसर चकचकीत गोंडे असतात. त्यांच्यावर तो दांडा सगळीकडून हलकेच फिरवा. घासू नका, तिथे खरचटलं तर फळ वेडंवाकडं येतं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम भागतं. कुठली फुलं झाली ते कळायला देठाला लोकरीचा धागा सैलसर बांधून ठेवा. चार दिवसांत दुधी फुगायला लागला की तुमचं काम झालं. दोडक्याला हेच, फक्त तासभर आधी. दुधीचं फूल दोडक्याला चालत नाही, तेवढं सांभाळा.

सुरुवातीला वेलावर नुसतीच नर फुलं येतात, त्याने घाबरून जाऊ नका. दुधीचा मुख्य शेंडा मांडवाला टेकला की खुडून टाका. बगलफुटी येतील, मादी फुलं बहुतेक तिथेच असतात.

एक पडताळणी मात्र करा. गळालेलं एक फळ उभं चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी, मग वरचं सगळं करूनही फळ हाती लागणार नाही. अशी फळं वेलाखाली पडू देऊ नका. अळी मातीत उतरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच निघते. रोज वेचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका आणि मांडवाला क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगा.

*प्रश्न : आमच्या सोसायटीच्या होळीची दोन पोती राख आणून ठेवली आहे. वाफ्यात किती मिसळू? (एक वाचक, बारामती)*

अजिबात नको. एक तर सोसायटीच्या होळीत काय काय जातं ते तुम्ही-आम्ही बघतोच: रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, रेक्झिनच्या खुर्च्या. ते भाजीत कशाला? आणि शुद्ध लाकडाची राख असती तरी तुमच्या काळ्या मातीत मी मूठभरापलीकडे घालू दिली नसती. ही माती चुनखडीची, सामू (pH) आठच्या आसपास. राखही अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आली की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, आणि मग लोक युरिया मारत बसतात. कोकणातली जांभी माती आम्ल, तिथे चुलीची राख चालते.

घरच्या चुलीची चाळलेली राख असेल तर बियाण्याला वापरा. वाल-पावट्याच्या शेंगा आता वेलावर खडखडीत वाळल्या असतील. त्या सोलून, बी दोन दिवस सावलीत ठेवून, राख चोळून बरणीत भरा. नाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी आत टाका. पावसाळ्यात आठवत नाही.

*प्रश्न : मे महिन्यात आठ दिवस सासरी जायचंय. अंगणातल्या मिरच्या-वांग्यांचं काय करू? शेजारी रोज पाणी घालतील असं वाटत नाही. (एक वाचक, चिंचवड)*

शेजाऱ्यांना रोज सांगूही नये, एकदाच सांगावं. तेवढ्यात भागेल अशी सोय म्हणजे पुरलेलं मडकं. पाच-सात लिटरचं, झिलई किंवा रंग न दिलेलं साधं मडकं आणा. चार रोपांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी भिंतीतून पाझरत मुळांना मिळत राहतं. रोपं मडक्यापासून वीतभरात हवीत. लांबच्या रोपाला त्याचा उपयोग नाही.

घरातला जुना माठ यासाठी काढू नका. ज्यात पाणी गार होईनासं झालंय त्याची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, तो पाझरणारही नाही. सुनेच्या हाती जुना माठ देऊन नवा स्वतःच्या ओट्यावर ठेवणाऱ्या सासवा मला ठाऊक आहेत.

वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा. सध्या पानगळ चालू आहे, रस्त्याकडेला झाडलोट करून लोक पेटवून देतात. त्याआधी दोन पोती भरून आणा. खोडाशी मात्र दोन बोटं जागा मोकळी सोडा, वाळवी लागते. हे सगळं एप्रिलच्या सुरुवातीलाच करा. मुळं मडक्याकडे वळायला वेळ लागतो, निघायच्या आदल्या दिवशी पुरून काही होत नाही. आठ दिवसांत शेजाऱ्यांनी मध्ये एकदा मडकी भरली की पुरे.

*प्रश्न : भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात, भेंड्याही पिवळट येतात. खत कोणतं देऊ? (एक वाचक, लातूर)*

खताने जाणार नाही. हा केवडा, म्हणजे विषाणू, आणि तो पांढरी माशी पसरवते. ती झाडं आज उपटून गाडा. उरलेल्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून लिटरभर करायचं, पानांच्या खालून मारायचं. पुढच्या वेळी बी आणताना 'परभणी क्रांती' मागा. तुमच्याच मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचा वाण आहे, केवड्याला दाद न देणारा म्हणून काढलेला, आता मात्र कुठे कुठे त्यालाही केवडा होतो.

*प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आईने भेंडी आणि मेथीचं बी पाठवलंय. गुढीपाडव्याला पेरू का? (एक वाचक)*

मेथी पाडव्यानंतर थोड्या दिवसांनी, एप्रिलमध्ये टाका, तिला गारवा आवडतो. भेंडीला थांबवा. तुमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत दहिवर गोठण्याची धास्ती असते, आणि गार मातीत भेंडीचं बी कुजतं. हौस दांडगी असेल तर एप्रिलअखेरीस बी रात्रभर भिजवून कागदी कपांत टोचा आणि खिडकीत ठेवा. मेच्या शेवटी रात्री उबदार झाल्या की कपाचा तळ फाडून तसंच जमिनीत बसवा. भेंडीचं सोटमूळ दुखावलेलं तिला चालत नाही.