पणजीचा शोध घ्यायचा तर इमारतीआधी रजिस्टर शोधा

तुम्ही विचारलंय की बेळगावजवळ बायकांसाठी मानसिक आजारांचं वेगळं सॅनिटोरियम होतं का, 1930च्या सुमारास तुमच्या पणजीला तिथं ठेवलं होतं असं घरात ऐकलंय, आणि ती इमारत अजून असेल तर वाचवता येईल का. मी बेळगावचीच. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीची, आमच्या मावशीआजीची, हकीकत अशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'सॅनिटोरियम' या शब्दाबद्दल. आपल्या भागात सॅनिटोरियम म्हणजे क्षयाचं. मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सगळ्यांना माहीत होतं. क्षयसुद्धा लपवायचाच रोग, पण वेडापेक्षा तो सांगायला बरा. आमच्या घरात मावशीआजीबद्दल कुणी विचारलं तर 'हवापालटाला गेलीय, मिरजेकडं' असं उत्तर ठरलेलं होतं. ती मिरजेला कधीच नव्हती. तुमच्या घरातलं सॅनिटोरियमही असंच पांघरूण असावं असं मला वाटतं.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. इलाख्यातल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत येरवडा, ठाणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद ही नावं येतात, बेळगावचं येत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी इथल्या माणसाला सगळ्यांत जवळचं धारवाड. ते 1845 साली सुरू झालं आणि आज डिमहान्स या नावाची मानसिक आरोग्य संस्था म्हणून चालू आहे. आमच्या लहानपणी कानडी शेजारी त्याला 'हुच्चर आस्पत्रे', म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, म्हणत, आणि आमच्या घरात मूल हट्टाला पेटलं की 'धारवाडला नेऊन सोडीन' अशी धमकी मिळे. मावशीआजीच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, तोंडून मात्र हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

बायकांसाठी वेगळी संस्था नव्हती, वेगळा विभाग असायचा. सरकार या इस्पितळांचे दरवर्षी अहवाल छापी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांतले बरेच इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. ते जरूर बघा. किती आले, किती बरे झाले, किती वारले, धर्म कोणता, धंदा कोणता, वेडाचं कारण काय मानलं, असे तक्ते आणि त्यांत पुरुष-बायकांचे वेगळे रकाने. बायकांचे आकडे पुरुषांच्या मानानं बरेच लहान दिसतात. बायका कमी आजारी पडत म्हणून नव्हे. पुरुष रस्त्यावर भटकला तर पोलिस त्याला धरून नेत. बाई मागच्या खोलीत कडी लावून ठेवली जाई, नाहीतर गाणगापूर, नरसोबाची वाडी अशा फेऱ्या होत. सगळे उपाय थकल्यावर, कधी सासरच्यांना ती नकोशी झाल्यावर, तिची वेळ इस्पितळाची. अहवालात नाव मात्र एकही नाही. तुमची पणजी तिथं सापडली तर एका आकड्यातली एक म्हणूनच सापडेल.

नावं असतात ती दाखल-नोंदीच्या रजिस्टरात आणि कोर्टाच्या कागदात. 1912च्या ल्युनसी कायद्यानुसार, म्हणजे वेड्यांबाबतच्या कायद्यानुसार, घरच्यांनी माणसाला दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज लागे, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, आणि शक्यतो हा अर्ज नवऱ्यानं किंवा बायकोनं करायचा असे. म्हणजे विवाहित बाईच्या फायलीवर बहुतेक नवऱ्याची सही. शोध इथून सुरू करा: पणजोबांचं पूर्ण नाव आणि त्यांचं गाव.

आता खरी अडचण. आपल्याकडं लग्नात मुलीचं नावही बदलायचे. पणजीची दोन नावं असणार आणि आज घरात बहुधा एकच माहीत असणार. माहेरच्या माणसांनी नेऊन सोडलं असेल तर रजिस्टरात माहेरचं नाव असू शकतं. लिहिणारा कारकून कानडी, नाव मराठी, रजिस्टर इंग्रजी, त्यामुळं स्पेलिंगचा भरवसा धरू नका. गावाचंही तसंच. बेळगावचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात, म्हणून तिथल्या बाईचा कागद संस्थानच्या दप्तरात निघू शकतो. उलट चंदगड 1956पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, तेव्हा आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं जुना कागद बेळगावच्या नावाखाली शोधावा. इलाख्याच्या पातळीवरचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे, आणि कर्नाटक राज्य पुराभिलेखागाराचं विभागीय कार्यालय धारवाडला आहे.

माझ्या मावशीआजीचं सांगते. पहिल्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात तिची झोप गेली, बाळ आपलं नाही म्हणू लागली. घरात त्याला बाळंतवात म्हणत. आज कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ हा आजार ओळखेल, आणि तो बरा होतो. बाळ तिच्याकडून काढून घेतलं, वर्षभर देवऋषी झाले, मग तिला एका इस्पितळात ठेवलं. त्या इस्पितळाचं नाव इथं घेत नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदीचा कायदा 1946 साली आला, तोवर त्याला अडवणारं काहीच नव्हतं. दोनेक वर्षांनी ती गेल्याचं सांगितलं गेलं आणि दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू लागली.

खूप खेटे घातल्यावर मला तिची ओळ दिसली. नाव माहेरचं, नवऱ्याचं नाव पुढच्या रकान्यात, काम: शिवण. शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख. घरात सांगत त्या वर्षानंतर ती आणखी 13 वर्षं जगली होती. 13 नवम्या तिच्या जिवंतपणी झाल्या. मी त्या पानावर हात ठेवून बसले होते, कारकून चहा विचारत होता आणि मला उत्तर देता येईना.

म्हणून इमारतीबद्दलचं माझं मत स्पष्ट सांगते. जुनी दगडी इमारत जपावी, तिथं पाटी लावावी, पण ते दुसरं. जिथं आज रुग्ण राहतात तिथं वारसा म्हणून भिंती जपताना त्यांची हवा, उजेड, संडास यांत काही कमी पडता कामा नये. कौलं गेली तर नवी घालता येतात. रजिस्टराचं पान कसर-वाळवीनं गेलं की त्या बाईचा या जगातला एकुलता एक पुरावा जातो. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जमिनीवर ठेवलेला गठ्ठा दोन पावसाळेही काढत नाही. कुठं अशी रजिस्टरं दिसली तर आधी ती जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटी ठेवायला सांगा. सुती कापडात बांधलेली, जुन्या दप्तरातल्या रुमालासारखी, उत्तम. सेलोटेप लावू देऊ नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानंसुद्धा, म्हणजे क्रम राहतो.

कागद बघायला मिळणं सोपं नाही आणि तसं असण्यात गैरही नाही. आजारी माणसाची माहिती गुप्त ठेवणं हे इस्पितळाचं कर्तव्य आहे. तुमच्या बाबतीत मात्र गोष्ट जुनी आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 8(3) आहे. 20 वर्षांहून जुन्या घटनेच्या माहितीला खासगीपणाचं कारण सहसा लावता येत नाही. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा, स्वतःचं नातं दाखवणारी वंशावळ जोडा आणि फक्त तुमच्या पणजीची नोंद मागा, सगळं रजिस्टर नको. कर्नाटकातल्या कार्यालयात अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत द्या. मी शेजारच्या कानडी बाईंकडून लिहून घेतला. त्यांनी मजकूर वाचून दोन ओळी स्वतःच्या वाढवल्या, त्या माझ्या सगळ्या अर्जापेक्षा चांगल्या होत्या. मिळालेली नोंद समाजमाध्यमांवर टाकू नका. त्याच पानावर इतर बायकांची नावं असतात आणि त्यांची घरं याच गावांत आहेत.

जाता जाता एक. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला इस्पितळात ठेवायचं नाही असं म्हटलंय, आणि उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही असंही. तो परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मावशीआजीच्या मुलाचा, आमच्या मामांचा, चेहरा समोर आला. आई क्षयानं गेली असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर अर्जाची घाई करू नका, आधी त्यांच्याजवळ बसा. थेट 'वेड' म्हणून विचारू नका, उत्तर मिळणार नाही. पणजीचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, पहिलं मूल कधी झालं, ते कुणी वाढवलं, एवढं विचारा आणि तिथंच लिहून घ्या. ते मिळालं की इथंच कळवा, कुठल्या दप्तरात आधी बघायचं ते मी सांगेन.