सेंट हेलेनाचे पोस्ट बॉक्स वॉक: पहिल्यांदा जाताय?

हे बघ, सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट, आणि पोस्ट बॉक्स वॉक म्हणजे तिथल्या अशा पायवाटा, ज्यांच्या टोकाला एक पेटी ठेवलेली असते. पहिलाच वॉक असेल तर लॉट्स वाइफ्स पाँड्स, म्हणजे समुद्राकाठच्या नैसर्गिक कुंडांचा वॉक, नको, शेवटी दोर धरून खाली उतरावं लागतं. आधी डायनाज पीक कर, बेटावरचं सगळ्यात उंच टोक, ८०० मीटरच्या वर, ट्री फर्नमधून वाट जाते आणि धुकं आलं की पायऱ्या अशा निसरड्या होतात की विचारू नकोस, म्हणून ग्रिपवाले बूट हवेतच. टोकाला बॉक्समध्ये वही आणि आठवण म्हणून उमटवायचा शिक्का असतो. स्वतःचं इंकपॅड ने हं, मला एकदा शाई पार सुकलेली मिळाली, वहीत नुसता पुसट गोल उमटला, फार वाईट वाटलं. आणि झाकण घट्ट लाव, नाहीतर पुढच्याला वही भिजलेली मिळते. राजधानी जेम्सटाउनमधल्या जेकब्ज लॅडर या उभ्या जिन्याच्या ६९९ पायऱ्या आदल्या दिवशी चढू नको, पोटऱ्या धरतात.